सुक्याबरोबर ओलेही

मासिकासाठी सरपणावर लेख देते आहे असे वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "कुणावर? सरपंचावर?" हशा पिकला आणि मीही हसले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने जीएसटीवर लिहावे, शेअर बाजारावर लिहावे. चुलीत घालायच्या लाकडांवर लिहिण्यासारखे असते तरी काय? त्यातून देशपांडे नगरात, सवाई गंधर्व सभागृहाच्या परिसरात राहणारी मुलगी. तिचा आणि सरपणाचा संबंध काय, असेही काहींच्या मनात आले असेल.

संबंध असा की आमच्या घराच्या मागच्या अंगाला जुने न्हाणीघर आहे, न्हाणीघरात चूल आहे आणि चुलीवर पणजीच्या काळचा तांब्याचा हंडा चिणून बसवलेला आहे. खोली ऊबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळण्याची थंडी आपल्या हुबळी-धारवाडला पडत नाही. माघातल्या पहाटे अंगणात शेकोटी केली की आपली थंडी संपली. आपले जळण जाते ते अंघोळीच्या पाण्याखाली आणि भाकरीच्या तव्याखाली. समोरच्या नव्या इमारतीच्या गच्चीवर सौर बंब बसले आहेत. आमच्या घरी तोही विषय निघतो, पण आषाढातल्या आठ-आठ दिवसांच्या ढगाळ हवेत त्या बंबातून कसले पाणी येते हे आजीने शेजाऱ्यांकडून ऐकले आहे. त्यामुळे हंडा जागेवर आहे, आणि हंडा आहे तोवर लाकडे आहेत.

लाकडे फोडायला दर वर्षी शिवरात्रीच्या सुमारास एक मामा येतात. मी शाळेत असल्यापासून त्यांच्याभोवती घुटमळत असे. आता आजी नको म्हणत असतानाही त्यांच्याकडून कुऱ्हाड मागून घेते. त्यांनी मला शिकवले ते कोणत्याही पुस्तकात मला सापडले नव्हते. ओंडक्याच्या तोंडावर आधीच बारीक चिरा असतात, घाव त्या चिरेवर बसला पाहिजे. मोठ्या ओंडक्याच्या मधोमध घाव घालू नये, कडेकडेने सोलत यावे. चिंचेचे लाकूड हट्टी असते, त्याला पाचर आणि घणच लागतो. नीलगिरी ओली असतानाच फोडून घ्यावी, वाळली की तिचा पीळ कुऱ्हाडीला दाद देत नाही. जाली, म्हणजे आपली बाभूळ, सर्वांत उत्तम. तिचा निखारा टिकतो. गुलमोहर दिसायला भरघोस, पण तो पाणी धरून बसतो आणि वाळला की कागदासारखा भुर्रकन जळून जातो.

मुळात लाकूड फोडायचे कशासाठी, तर चुलीत मावावे एवढ्यासाठीच नव्हे. झाडाच्या आत पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. तोडल्यावर पाणी बाहेर पडते ते मुख्यतः या नळ्यांच्या उघड्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून. साल त्याला फारशी वाट देत नाही. म्हणून अख्खा ओंडका वर्षभर उन्हात पडला तरी आतून ओला राहू शकतो, आणि त्याच्याच चिरफळ्या करून मांडल्या तर आपल्या फाल्गुन-चैत्राच्या उन्हात बारीक लाकूड तीन-चार महिन्यांत जळण्याजोगे होते. जाड बाभळीला मात्र वर्ष द्यावे.

थप्पी रचण्याचे आजीचे नियम आहेत आणि त्यांत सूट नाही. खाली विटा किंवा दगड, कारण जमिनीला टेकलेले लाकूड वाळवीचे. भिंतीपासून वीतभर अंतर, म्हणजे मागून वारा जातो. वर पत्रा, बाजू उघड्या. एकदा बाबांनी पावसाच्या भीतीने सगळी थप्पी निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळली होती. आतली वाफ आतच राहिली आणि पंधरा दिवसांत लाकडांवर पांढरी बुरशी. हात घालण्याआधी थप्पी काठीने ठोकायची, विंचवाला सूचना म्हणून.

साल वर ठेवायची की खाली, यावर मात्र आजीचे आणि शेजारच्या काकांचे एकमत नाही. आजी म्हणते साल वर, म्हणजे पावसाचे शिंतोडे ओघळून जातात; काका म्हणतात साल खाली, म्हणजे फोडलेले अंग उन्हाकडे राहते. हा वाद फक्त देशपांडे नगरातला आहे असे मी समजत होते. नॉर्वेत लोक खरोखरच लाकडावर घरे ऊबदार ठेवतात. तिथे लार्स मिटिंग या लेखकाचे सरपणावरचे पुस्तक २०११ साली निघाले आणि धडाधड खपले. २०१३ साली तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने लाकूड तोडणे, रचणे आणि जाळणे यावर तब्बल बारा तासांचा कार्यक्रम दाखवला, आणि प्रेक्षक भांडले ते याच मुद्द्यावर: साल वर की खाली! आजीला हे सांगितले. ती म्हणाली, "मग त्यांच्याकडे काय ठरले?" ठरले नाही म्हटल्यावर तिचा त्या देशावरचा विश्वास उडाला.

पण मला लिहायचे आहे ते या गमतीबद्दल नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याच हातून एक चूक झाली, तिच्याबद्दल लिहायचे आहे.

त्या वर्षी मेमध्ये वळवाच्या वादळात आमच्या कुंपणालगतच्या गुलमोहराची मोठी फांदी कोसळली. आमची वर्षाची लाकडे फोडून, वाळून, रचून तयार होती. फांदी ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या अव्वांच्या घरी चूल आहे हे ठाऊक होते. मीच म्हटले, ही सगळी अव्वांना देऊ. फांदीचे तुकडे करवले आणि हातगाडीच्या दोन खेपा करून त्यांच्या वस्तीत पोचवले. हातगाडीबरोबर मी स्वतः गेले होते. त्या रात्री मला फार छान झोप लागली, हेही कबूल करते.

जूनमध्ये अव्वा उशिरा येऊ लागल्या. डोळे लाल, खोकला. आम्हाला वाटले डोळे आले असतील. आईने औषधाचे थेंब दिले. श्रावणात एक दिवस त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, तुमच्या थप्पीतली चार लाकडे द्याल का? मी पटकन बोलून गेले, "एवढी दोन गाड्या दिली होती ना तुम्हाला?" त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हसी ऐतव्वा, हत्तूदिल्ल." ओली आहेत गं, पेटत नाहीत.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. एकच खोली. बाहेर ठेवले तर पावसात भिजणार आणि रात्री चोरीला जाणार, म्हणून माझे सगळे दान आतल्या भिंतीला लावून रचलेले. त्याच्याच शेजारी अंथरुणे. लाकडांवर बुरशी. चूल पेटवायला दुधाच्या रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या आणि जुन्या चपलेचे तुकडे, कारण त्याशिवाय ज्वाळाच धरत नव्हती. धूर असा की त्यांची नात उंबऱ्यात बसून, पावसाचे शिंतोडे चुकवत, अभ्यास करत होती. एवढे होते तर टाकून का दिले नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, दिलेले टाकून कसे द्यायचे?

आपल्याकडे म्हण आहे, सुक्याबरोबर ओलेही जळते. ज्याने ती केली त्याने ओल्या लाकडाची चूल फुंकलेली नसावी. ओले जळत नाही, धुमसते. धूर म्हणजे न जळलेले जळण. जी ऊब भांड्याला मिळायची ती डोळ्यांत आणि छातीत जाते. घरातल्या अशा धुरापायी २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तो आकडा पूर्वी मी परीक्षेपुरता पाठ केला होता.

घरी आल्यावर मी वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून हिशेब मांडला, आणि तो माझ्या वर्गबंधूंनी तपासून पाहावा. लाकूड वखारीत वजनावर मिळते. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते; चांगल्या वाळलेल्यात सुमारे पाचवा हिस्सा. दहा किलो ओले लाकूड घेतले तर त्यात खरे लाकूड पाच किलो. पूर्ण कोरडे लाकूड किलोला सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता देते असे धरले तर झाली २२,५००. पण आधी आतले पाच किलो पाणी तापवून त्याची वाफ करावी लागते, त्याला किलोमागे सुमारे ६२० म्हणजे ३,१०० गेले. उरले १९,४००. आता वाळलेले दहा किलो घ्या. आठ किलो लाकूड, ३६,०००, त्यातून दोन किलो पाण्याचे १,२४० वजा, उरले ३४,७६०. वजन तेच, पैसे तेच, ऊब मात्र निम्म्याहून जराशी जास्त. म्हणजे ओले लाकूड घेणारा त्याच उबेला पावणेदोन पट दाम मोजतो, आणि ओले लाकूड नीट पेटते असे गृहीत धरून हा हिशेब आहे. शिवाय उरलेल्या पैशांत त्याला धूर मिळतो.

हे कागदावरचे झाले म्हणून पुढच्या वर्षी मी एक गुलमोहराची चिरफळी खडूने खूण करून थप्पीत ठेवली आणि दर रविवारी ताणकाट्याला लावली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती ३ किलो २०० ग्रॅम होती. मेअखेर २ किलो १०० ग्रॅमवर येऊन थांबली. दोन लाकडे एकमेकांवर आपटली तर ओल्याचा आवाज धप् येतो, सुक्याचा टण्. अव्वांना ताणकाटा लागत नाही. त्या आवाजावरून सांगतात.

मग त्या ओले विकत तरी का घेतात? आमचे दान संपल्यावर त्या वखारीतूनच घेणार होत्या. इथे मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिते आहे तो येतो. वाळलेले लाकूड म्हणजे लाकूड, अधिक जागा, अधिक काळ. आमच्याकडे परसू आहे, म्हणून जागा आहे. मार्चमध्ये वर्षाच्या लाकडाचे पैसे एकदम मोजता येतात, म्हणून काळ आहे. जिची मजुरी रोजच्या रोज येते आणि खोली एकच आहे, ती जुलैत दोन दिवसांची मोळी घेणार. तिला जे मिळते ते उघड्यावर भिजलेले. म्हणजे ज्याला परवडते तो स्वस्त ऊब जाळतो आणि ज्याला परवडत नाही तो महाग. घाऊक आणि किरकोळ दरांतला फरक आम्हाला पहिल्या वर्षी शिकवला गेला. पण किरकोळ गिऱ्हाईक पाणी विकत घेते हे त्या धड्यात नव्हते.

एका वखारवाल्यांशी मी बोलले. रागानेच गेले होते, कारण पाऊस पडला की माल आपोआप वाढतो असा धंदा दुसरा नाही, असे माझे मत झाले होते. ते शांतपणे म्हणाले, "मीही वजनावरच घेतो. मी छपराखाली वर्षभर वाळवले तर वजन माझे घटते, छपराचा खर्च माझा, आणि भाव तोच. करू कशाला?" यात खोटे काय आहे? घट त्याच्या खात्यावर आणि फायदा गिऱ्हाइकाच्या, असा व्यवहार कोण करील? उपाय इतकाच की दोन दर असावेत, ओल्याचा वेगळा, सुक्याचा वेगळा. सुक्याचा दर दीडपट असला तरी अव्वांना तो स्वस्तच पडेल. पण निदान पावसाळ्यात दोन दिवसांच्या मोळीला ते सुके मिळाले पाहिजे.

इथे आमच्या प्राध्यापकांचा आक्षेप मला ऐकू येतो. गॅस आला ना? १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, खेड्यापाड्यांत सिलिंडर पोचले. मग चुलीची चर्चा कशाला? अव्वांच्या घरी सिलिंडर आहे. त्यावर चहा होतो, पाहुणे आले तर भात होतो. चार माणसांचे अंघोळीचे पाणी आणि रोजच्या भाकऱ्या त्यावर करायच्या तर सिलिंडर किती दिवस पुरेल हे त्या बोटांवर मोजून सांगतात. चूल जावी हे मलाही मान्य आहे. पण ती जाईपर्यंतच्या पावसाळ्यांचे काय? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'अस्त्र' नावाचा विभाग ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान करायला निघाला आणि त्यातून कमी धुराची 'अस्त्र ओले' ही चूल आली. (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल, मराठी वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.) एवढ्या मोठ्या संस्थेला चूल हा विषय हलका वाटला नाही. पण चूल कितीही सुधारली तरी तिच्यात हसी कट्टिगी घातली तर ती काय करणार?

आणि सरपण हा क्षुल्लक विषय आहे असे निदान आपल्या भागात कुणी म्हणू नये. १९८४ साली कर्नाटक सरकारने हरिहर पॉलिफायबर्स या कारखान्याबरोबर एक संयुक्त कंपनी काढली आणि सुमारे ३०,००० हेक्टर सामायिक जमीन नीलगिरी लावण्यासाठी तिला देण्याचे ठरवले. ती नीलगिरी जाणार होती रेयॉनच्या लगद्याला. ज्या जमिनीवरून गावच्या बायका काटक्या आणि चारा आणत होत्या तीच ही जमीन. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाने त्याविरुद्ध लढा उभारला, आणि १४ नोव्हेंबर १९८७ रोजी कुसनूर येथे 'कित्तिको-हच्चिको' सत्याग्रह झाला. उपटा आणि लावा: नीलगिरीची रोपे उपटायची आणि त्या जागी लोकांच्या उपयोगाची झाडे लावायची. कुसनूर तेव्हा आपल्या धारवाड जिल्ह्यात होते. १९९७ नंतर ते हावेरीत गेले. १९९१ साली ती कंपनी गुंडाळावी लागली. मोळी विकत घेण्याची पाळी ज्यांच्यावर येते ते लोक बहुधा अशाच कुठल्यातरी गायरानावरून सुटलेले असतात, असे मला आता वाटते. अव्वांच्या गावाकडे काय झाले ते मी विचारलेले नाही. विचारायला हवे होते.

त्या श्रावणात आमच्या घरी काय झाले ते सांगायचे राहिले. आजीने निकाल दिला: अदलाबदल. आमच्या थप्पीतली निम्मी वाळलेली लाकडे अव्वांकडे गेली आणि त्यांची बुरशीची आमच्या पत्र्याखाली आली. बाबांनी दिवाळीपर्यंत विजेच्या कांडीने पाणी तापवले आणि प्रत्येक बिलाच्या वेळी माझ्याकडे पाहिले. तेव्हापासून आम्ही अव्वांना लाकूड देत नाही. जागा देतो. त्यांचे लाकूड मार्चमध्ये येते, आमच्याबरोबर फोडले जाते, आमच्याच पत्र्याखाली त्यांच्या बाजूला रचले जाते, आणि दर शनिवारी त्या आठवड्याचे घेऊन जातात. पैसे त्या महिन्याच्या महिन्याला आईकडे फेडतात. हिशेबाची वही माझ्याकडे आहे. एकच अडचण आहे, आम्हाला सर्वांनाच नवे लाकूड पुढे रचायची आणि पुढचेच उचलायची सवय. साठा-मूल्यांकनात ज्याला 'शेवटी आलेला माल आधी बाहेर' म्हणतात आणि आपल्या लेखामानकाने जी पद्धत बाद केली आहे, ती देशपांडे नगरातल्या परसांत सर्रास चालते. तळाचे लाकूड वाळवी खाते आणि वरचे ओले चुलीत जाते. आता आम्ही थप्पीच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या आहेत: एका बाजूने भरायचे, दुसऱ्या बाजूने काढायचे.

एका परसात एक घर भागते. पण दर वर्षी पावसाआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटल्या जातात, आपल्या महाविद्यालयाच्या आवारातही छाटल्या जातात, आणि त्यांचे ढीग जून उजाडेपर्यंत रस्त्याच्या कडेला पडून भिजतात. मग ज्याला गरज आहे तो ते ओलेच ओढून नेतो. आपली राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे आणि दर वर्षी आपण रोपे लावून छायाचित्रे काढतो. रोपे लावू नयेत असे मी म्हणत नाही. पण एका शिबिराचे दिवस फेब्रुवारीत घेऊन छाटलेल्या फांद्या फोडाव्यात, विटांवर रचाव्यात, वर पत्रा टाकावा आणि जुलैत आसपासच्या वस्तीला त्या सुक्या द्याव्यात. फुकट की अल्प किमतीत, यावर वाद होऊ शकतो. माझे मत किमतीत, कारण फुकटचे टाकून देता येत नाही हे मी पाहिले आहे.

सायकल स्टँडच्या मागे जुने पत्रे पडलेले आहेत, पडलेल्या भिंतीच्या विटाही आहेत. जागा मी मोजली आहे, वीस फूट बाय सहा फूट, पश्चिमेकडून वारा येतो. अर्ज कार्यालयात दिला आहे. लाकडे फोडणाऱ्या मामांनी पहिले दोन दिवस येऊन मुलांना शिकवण्याचे कबूल केले आहे; त्यांची मजुरी द्यावी लागेल. कुऱ्हाडी किती लागतील ते त्यांना विचारून, हा अंक छापून येईपर्यंत, सूचना फलकावर लावते.